हिटलर जिंकला असता तर : न घडलेल्या इतिहासाची कागदपत्रे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते इतिहास आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवीत असत. तेव्हा भाषेच्या एका निवृत्त अध्यापकाने इतिहासातील विषय निवडला, तर तो औचित्यभंग ठरणार नाही, असे मी मानतो.

'असे झाले असते तर' हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, याची चर्चा आपल्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जयंत नारळीकरांनी तर याच प्रश्नावर एक सुंदर विज्ञानकथा लिहिली. पाश्चात्त्यांनाही हा छंद आहे. १९३१ साली इंग्लंडात अशा निबंधांचा एक संग्रहच निघाला आणि त्यात खुद्द विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकन यादवी युद्धाविषयी असा निबंध लिहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात हिटलर जिंकला असता तर, या कल्पनेवर फिलिप डिक यांची १९६२ मधील आणि रॉबर्ट हॅरिस यांची १९९२ मधील कादंबरी गाजली. इतिहासकार मात्र अशा लेखनाकडे काहीशा संशयाने पाहतात. जे घडले नाही त्याला पुरावा कोठला, असा त्यांचा रास्त सवाल असतो.

परंतु हिटलरच्या बाबतीत हा सवाल तितकासा लागू पडत नाही. विजयानंतरचे जग कसे असेल, हे त्याच्या राजवटीने स्वतःच टंकलिखित करून, शिक्के मारून, फायलींत लावून ठेवले होते. आपल्याला कल्पनेचे पंख लावण्याचे कारण नाही. कागद वाचले तरी पुरे. आज मी आपल्यासमोर त्यांतील काही कागद ठेवणार आहे.

प्रथम, तो विजय शक्य होता काय? १९४१ च्या डिसेंबरात मॉस्कोपुढे जर्मन सैन्य अडले आणि त्याच महिन्यात अमेरिका युद्धात उतरली. त्यानंतर हिटलरच्या विजयाची शक्यता झपाट्याने ओसरत गेली. मात्र त्यापूर्वीचा एक आठवडा असा होता की, ज्यात इतिहासाचा काटा खरोखर हेलकावत होता. मे १९४० च्या अखेरीस फ्रान्स कोसळत होता, ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडले गेले होते. २६ ते २८ मे या तीन दिवसांत लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात वाद चालला : इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी अजमावून पाहाव्यात की लढत राहावे? परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स अजमावून पाहण्याच्या बाजूचे होते. चर्चिल यांनी ते मानले नाही. तो निर्णय उलटा लागता, तर पश्चिमेकडे निर्धास्त झालेला हिटलर सारे बळ एकवटून रशियावर गेला असता. आपला 'जर' एवढाच आहे.

आता 'तर'कडे वळू. पूर्व युरोपासाठी 'जनरल प्लान ओस्ट' नावाची योजना १९४१-४२ मध्ये तयार झाली. ती आखणारा कोनराड मायर हा बर्लिन विद्यापीठातील कृषिशास्त्राचा प्राध्यापक होता, ही गोष्ट आम्हा प्राध्यापकमंडळींनी विसरता कामा नये. पोलंड, युक्रेन, बेलारूस आणि बाल्टिक प्रदेश जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहतींसाठी मोकळा करावयाचा होता. या योजनेवर एप्रिल १९४२ मध्ये लिहिलेल्या एका सरकारी टिपणात हिशेब मांडला आहे : या प्रदेशातील साडेचार कोटी रहिवाशांपैकी ३ कोटी १० लाख लोकांना पश्चिम सैबेरियाकडे हाकलावयाचे, पोलिश लोकांपैकी ८० ते ८५ टक्के. मुदत सुमारे ३० वर्षांची. म्हणजे ज्यांचा जन्म १९४० च्या सुमारास झाला, त्यांच्या तिशीपर्यंत हे काम उरकले असते. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे मायरवर खटला चालला, एस.एस. संघटनेचे सदस्यत्व एवढाच दोष सिद्ध झाला, आणि १९५६ मध्ये ते गृहस्थ हॅनोव्हर येथे पुन्हा प्राध्यापक झाले. असो.

या गोष्टी केवळ कागदावर राहिल्या असत्या, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर त्याच काळात मिळालेले आहे. २ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये सचिव पातळीवरील एक बैठक झाली. रशियातील धान्य जर्मन सैन्याकडे वळविल्यास तेथील कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील, ही बाब तीत एखाद्या प्रशासकीय तपशिलासारखी नोंदविली गेली. त्यानंतर लेनिनग्राडचा वेढा ८७२ दिवस चालला आणि आठ लाखांहून कमी नव्हेत इतके नागरिक बहुतांशी भुकेने मेले. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास कैदेतच संपले. युद्ध चालू असतानाच ज्यांनी एवढे केले, त्यांनी विजयानंतर हात आखडता घेतला असता, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा कागद २० जानेवारी १९४२ चा. बर्लिनजवळच्या वान्झे तलावाकाठी एका बंगल्यात १५ अधिकारी जमले. त्या बैठकीच्या इतिवृत्तात युरोपातील ज्यूंची देशवार यादी आहे. एकूण १ कोटी १० लाखांहून अधिक. ही यादी नीट वाचली की अंगावर काटा येतो, कारण तीत जिंकलेल्या देशांबरोबर न जिंकलेले देशही आहेत : इंग्लंड ३ लाख ३० हजार, स्वित्झर्लंड १८ हजार, तटस्थ आयर्लंडमधील ४ हजारसुद्धा. प्रत्यक्षात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. उरलेले वाचले, याचे मुख्य कारण जर्मनीचा पराभव. या दोन आकड्यांमधील अंतर हेच हिटलरच्या पराभवाचे खरे माप होय.

आता मी ज्या कागदाकडे येतो, तो या वास्तूत विशेष अगत्याने वाचला पाहिजे. मे १९४० मध्ये, लंडनमध्ये तो वाद चालू होता त्याच सुमारास, हिमलरने पूर्वेकडील परकीय लोकांना कसे वागवावे याविषयी एक टिपण लिहिले आणि हिटलरने ते वाचून पसंत केले. त्यात शिक्षणाची तरतूद अशी आहे : या लोकांसाठी चार इयत्तांच्या शाळेपलीकडे शाळा नको. फार तर पाचशेपर्यंत अंक मोजता यावेत, स्वतःचे नाव लिहिता यावे आणि जर्मनांची आज्ञा पाळणे हा ईश्वरी नियम आहे एवढे शिकावे. वाचता येण्याची आवश्यकता नाही.

मित्रहो, सही करता यावी पण वाचता येऊ नये! ज्या माणसाला सही करता येते आणि वाचता येत नाही, त्याच्याकडून कोणत्याही कागदावर सही घेता येते. सावकारी पाशात सापडलेल्या आपल्या शेतकऱ्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. महात्मा फुले यांनी अविद्येने काय अनर्थ होतो हे सांगितले. हिमलरला तेच ठाऊक होते, आणि त्याला तोच अनर्थ हवा होता.

याची अंमलबजावणीही सुरू झाली होती. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकोच्या यागेलोनियन विद्यापीठातील अध्यापकांना एका व्याख्यानासाठी सभागृहात बोलावण्यात आले. व्याख्यान झालेच नाही. १८३ जणांना तेथेच अटक झाली आणि बहुतेकांची रवानगी पुढे साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत झाली. व्यापलेल्या पोलंडमध्ये विद्यापीठे व माध्यमिक शाळा बंद झाल्या. प्राथमिक शाळांतून पोलंडचा इतिहास, भूगोल आणि वाङ्मय हे विषय गेले. यावर पोलिश शिक्षकांनी काय केले? त्यांनी घराघरांतून, स्वयंपाकघरांतून, तळघरांतून गुप्त वर्ग भरविले. पकडले गेल्यास छावणी किंवा मृत्यू, हे ठाऊक असून विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या, पदव्यासुद्धा दिल्या. १९३८ साली क्राकोच्या विद्यापीठात पोलिश भाषा व वाङ्मयाचा अभ्यास करू लागलेला एक विद्यार्थी दिवसा मजुरी करून १९४२ पासून अशाच गुप्त धर्मविद्यालयात शिकत होता. १९७८ मध्ये तो पोप जॉन पॉल दुसरे या नावाने जगाला माहीत झाला. त्या तळघरांत शिकविणाऱ्या बहुसंख्य शिक्षकांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

१९४१ मध्ये जर्मनीने स्लोव्हेनियाचा उत्तर भाग ताब्यात घेतला. तेथे स्लोव्हेनियन भाषा शाळांतून व सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार झाली, शिक्षकांना कुटुंबांसह देशोधडीला लावण्यात आले आणि त्यांच्या जागी जर्मन शिक्षक आले. आपण सीमाभागातील माणसे भाषेच्या बाबतीत स्वाभाविकच हळवी आहोत. तरीही मला सांगावेसे वाटते की, आपली गाऱ्हाणी आणि हे संकट एकाच तराजूत घालू नयेत. आपले गाऱ्हाणे आपण सभेत मांडतो, वर्तमानपत्रात छापतो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेतो. त्या जगात गाऱ्हाणे मांडण्याची जागाच उरली नसती. हा फरक ज्याला कळला, त्याला लोकशाहीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या जगात भारताचे काय झाले असते? येथे जपून बोलले पाहिजे, कारण भारतासाठी पूर्वेसारखी तपशीलवार योजना नव्हती. हिटलरचा दृष्टिकोन मात्र स्पष्ट होता. भारत दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच अमलाखाली राहिलेला बरा, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले होते आणि भारतीय स्वातंत्र्यवाद्यांची टवाळी केली होती. इंग्रजांना जसा हिंदुस्थान, तसा आम्हाला रशिया, असे तो युद्धकाळात आपल्या सहकाऱ्यांना सांगत असे. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्याला भेटलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्स यांना त्याने गांधींना गोळी घाला असा सल्ला दिल्याचे, त्या भेटीस हजर असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नमूद केले आहे. २९ मे १९४२ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस हिटलरला भेटले, तेव्हा आत्मचरित्रातील त्या मजकुराचा विषय त्यांनी निर्भयपणे काढला. पण भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा काही त्यांच्या पदरात पडली नाही. शत्रूचा शत्रू तो मित्र, या न्यायाने नेताजी तेथे गेले होते. त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्या मित्राच्या मनात मात्र आपल्याला बरोबरीचे स्थान नव्हते.

याचा अर्थ जिंकलेले सारे धुतल्या तांदळासारखे होते, असा नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, ती इंग्रजी अमलात. स्टालिनच्या छावण्या युद्धानंतरही चालूच राहिल्या. परंतु इंग्रजी अमलाविरुद्ध आपण वृत्तपत्रे काढली, शाळा काढल्या, तुरुंगातून ग्रंथ लिहिले, आणि १९४७ मध्ये स्वतंत्र झालो. हिमलरच्या टिपणात अशा शाळेलाच जागा नव्हती.

काही अभ्यासकांचे म्हणणे असे की, असले साम्राज्य आपल्याच ओझ्याखाली कोसळले असते. त्याच्या भव्यतेच्या हव्यासाचे एक मुके साक्षीदार बर्लिनमध्ये आजही उभे आहे. नव्या राजधानीतील प्रचंड विजयकमान तेथील जमीन पेलेल काय, हे पाहण्यासाठी १९४१ मध्ये १२ हजार टनांहून अधिक वजनाचा काँक्रीटचा ठोकळा उभारला. तो अल्पावधीत सुमारे १९ सेंटिमीटर खचला. रूपक म्हणून हे मनोरंजक आहे, पण त्यावर विसंबून राहणे भाबडेपणाचे होईल. सालाझारची राजवट १९६८ पर्यंत त्याच्या हाती आणि त्याच्यानंतरही १९७४ पर्यंत टिकली. आपल्या शेजारच्या गोव्याने तिचा सेन्सॉर आणि तिचे तुरुंग १९६१ पर्यंत सोसले. फ्रँको १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होता. हुकूमशाही कधी ना कधी संपते, हे खरे. परंतु ती संपेपर्यंत जे नाहीसे केले गेले, ते परत येत नाहीत.

जेते इतिहास लिहितात, असे आपण सहज म्हणून जातो. नाझी जेत्यांनी मात्र इतिहास पुसला असता. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझनान येथे आपल्या सेनाधिकाऱ्यांपुढे बोलताना हिमलरने ज्यूंच्या संहाराचा उल्लेख, कधीही न लिहिले जाणारे गौरवाचे पान, असा केला. वान्झेच्या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. त्यांतील १६ व्या क्रमांकाची एकच प्रत १९४७ मध्ये सापडली. आज मी आपल्यापुढे जे बोलतो आहे, ते जर्मनी हरली म्हणून बोलू शकतो. ती जिंकली असती, तर हे कागद जळाले असते आणि या विषयावर व्याख्यानच झाले नसते.

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन काय? आपल्याकडे पुस्तकांच्या गाड्यांवर हिटलरचे आत्मचरित्र आजही हमखास दिसते, आणि गाडी उशिरा आली, कचेरीत काम अडले की 'या देशाला एक हिटलरच हवा' असे सुशिक्षित माणूसही बोलून जातो. बोलणाऱ्याच्या मनात शिस्त असते, संहार नसतो, हे मी जाणतो. पण ती शिस्त कशी होती? १९४० च्या आरंभापासून ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार मनोरुग्ण व अपंगांना, मुख्यतः जर्मनीच्याच नागरिकांना, त्यांच्याच सरकारने विषारी वायूने मारले. आणि त्यासाठीचे अर्ज वेळच्या वेळी, बिनचूक भरले जात होते. बिनचूक अर्ज म्हणजे सुशासन नव्हे.

ज्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, त्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान या युद्धात इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना वाचवून शत्रूची ठाणी निकामी केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परक्या राजासाठी ते लढले, असे म्हणून आपण त्यांना काहीसे विसरलो. ते ज्याच्याविरुद्ध लढले, त्याने शाळेसाठी काय योजिले होते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाचशेच्या पुढचे अंक येतात आणि समोरचा कागद वाचून मगच त्यावर सही करता येते. हे आपल्याला सवयीचे झाले आहे, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. ज्या शिक्षकांनी ते दिले, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस आहे. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.