शर्यतीचा मार्गरक्षक

ठाण्याहून निघून कळवा व मुंब्रा मागे टाकीत जाणारा पुण्याचा जुना रस्ता शिळफाट्यावर आला म्हणजे त्याला फाटे फुटतात. सरळ गेले तर तळोजे आणि पनवेल, डावीकडे वळले तर डोंबिवली आणि कल्याण. मोटारीत बसलेला मनुष्य पाटी वाचून आपली वाट धरतो. परंतु मान खाली घालून, पुढच्याच्या चाकाला आपले चाक जवळजवळ भिडवून वेगाने येणाऱ्या सायकलस्वारास पाटी वाचावयास सवड कोठली? त्याला वाट दाखविण्यासाठी फाट्यावर कोणीतरी मनुष्य उभा असावा लागतो. तो चुकला तर पुण्यास पोचावयाचा वीर डोंबिवलीच्या बाजारात येऊन उभा राहावयाचा! शर्यतीच्या या मार्गरक्षकाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंग्रजीत त्याला ‘मार्शल’ म्हणतात. शब्द मोठा दबदब्याचा आहे. सेनापतींच्या पदव्यांत तो शोभतो. पण त्याचे मूळ शोधू गेले तर जुन्या जर्मन बोलींत त्याचा अर्थ ‘घोड्याचा चाकर’ एवढाच निघतो. शर्यतीच्या मार्शलने सेनापतीचा डौल टाकून हा जुना अर्थच जवळ ठेवला आहे. त्याच्या हाती एक निशाण आणि एक शिटी, बस्स. त्याला पगार नाही आणि पोलिसाचा अधिकारही नाही. ज्या रस्त्यावर तो लोकांना थांबवितो, तो रस्ता त्या लोकांचाच असतो. दुधाचा हंडा घेऊन निघालेल्या गवळ्याचा किंवा मुलाला शाळेत पोचविणाऱ्या आईचा त्या रस्त्यावरील हक्क शर्यतीहून जुना आहे. तो हक्क त्यांनी घटकाभर आपखुशीने सोडावा, एवढेच मार्गरक्षकास मागता येते. सायकल-शर्यतीचा सारा इतिहास माझ्या मते या मागणीचा इतिहास आहे. कोणी किती वेगाने चाक फिरविले हा त्यातला गौण भाग होय.

पायगाडीच्या शर्यतीचा जन्म सार्वजनिक उद्यानात झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पॅरिसजवळील सँ-क्लू येथील उद्यानात ३१ मे १८६८ रोजी बाराशे मीटरांची एक शर्यत झाली व ती जेम्स मूर नावाच्या तरुणाने जिंकली. हीच जगातील पहिली सायकल-शर्यत असे मानण्याची वहिवाट आहे. त्याच दिवशी तेथे तिच्याआधी दुसरी एक शर्यत होऊन गेली होती, असे अलीकडचे संशोधक म्हणतात. पण आपल्या दृष्टीने उद्यान तेच. उद्यानास कुंपण असते, वाटा आखलेल्या असतात, आणि आलेला मनुष्य मौज पाहावयासच आलेला असतो. तेथे वाट मोकळी ठेवणे फारसे कठीण नाही. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १८६९ रोजी, शर्यत उद्यानाबाहेर पडून पॅरिसहून रूआंपर्यंत १२३ किलोमीटर गेली. तीही मूरनेच जिंकली. त्याला साडेदहा तासांहून अधिक वेळ लागला. पण उद्यान सुटले तसे कुंपणही सुटले.

कुंपणाबाहेर काय होऊ शकते, हे १९०४ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ने दाखविले. सेंट-एतिएन गावाजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात लोकांनी रस्ता अडविला. आपल्या भागातील फोर नावाच्या स्वाराला त्यांनी पुढे जाऊ दिले आणि मागून आलेल्यांवर लाठ्याकाठ्या चालविल्या. आदल्या वर्षीचा विजेता गारँ याला मार बसला, जेर्बी नावाचा इटालियन स्वार रस्त्यावर कोसळला, आणि शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी पिस्तुलाचे बार काढले तेव्हा कोठे जमाव पांगला. पुढे नीम शहरातही दंगल झाली. रस्त्यावर खिळे टाकलेले होते ते वेगळेच. शेवटी लबाडीच्या आरोपांवरून पहिले चारही स्वार बाद ठरले व एकोणीस वर्षांच्या कॉर्ने याला विजयी म्हणून जाहीर करावे लागले. बंदुकीने रस्ता मोकळा होतो, पण तो घटकाभरच. शर्यत वर्षानुवर्षे चालवावयाची तर रस्त्याकाठच्या माणसाचे मन आपल्याकडे असावे लागते, हे आयोजक त्यातून शिकले असावेत.

इंग्लंडने निराळीच वाट काढली. तेथील राष्ट्रीय सायकल-संघाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वजनिक रस्त्यांवर जमावाने शर्यत लावण्यास मनाई केली. भीती पोलिसांची आणि घोडागाडीतून हिंडणाऱ्या प्रतिष्ठितांच्या तक्रारींची. मग बिडलेक नावाच्या गृहस्थाने युक्ती काढली. स्वारांनी एकेकट्याने, ठरावीक अंतराने, भल्या पहाटे निघावे. अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा वेष असावा. शर्यत आहे असे कोणास भासूही नये! एखाद्या देशाने आपला खेळ इतकी वर्षे चोरासारखा खेळावा, याचे नवल वाटते. ही कोंडी पर्सी स्टॅलर्ड याने ७ जून १९४२ रोजी फोडली. त्याने चाळीस स्वारांची लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सुमारे ९५ किलोमीटरांची शर्यत भरविली. ती गुपचूप नव्हे, तर पोलिसांना आधी भेटून व त्यांचे साहाय्य घेऊन. शर्यत वुल्व्हरहॅम्प्टनच्या वेस्ट पार्क उद्यानापाशी निर्विघ्न संपली. संघाने स्टॅलर्डला बाहेर काढले. त्याने त्याच वर्षी दुसरा संघ उभा केला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १३ ऑगस्ट १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकची रस्त्यावरील शर्यत विंडसर ग्रेट पार्क या विस्तीर्ण उद्यानात भर पावसात झाली. सुमारे १९४ किलोमीटरांची ती शर्यत फ्रान्सच्या बेयार याने जिंकली, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताचे स्वारही तीत उतरले होते. कुंपण आणि फेऱ्या यांचा आधार घेण्याची रीत अशी पुन्हा उद्यानातच आली.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील सर्वांत नामांकित सायकल-शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. ती १९४० च्या दशकापासूनची परंपरा सांगते. बोरघाटाची सडक १८३० सालची. त्या चढावर जो सर्वांच्या पुढे राहील त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि अंतिम विजेत्याहूनही पुष्कळांस त्याचेच कौतुक अधिक. वाशीचा खाडीपूल १९७३ साली होईपर्यंत मुंबईहून पुण्यास सडकेने जावयाचे तर ठाण्यावरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. शर्यतीसही हीच वाट होती. मासुंदा तलावाच्या गावातून कळव्याचा पूल, मुंब्र्याच्या डोंगराची पायथ्याची वाट, मग शिळफाटा. पुढे २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, पण त्यावर सायकलींस मज्जाव असल्यामुळे शर्यतीस जुनाच रस्ता राहिला.

अशा वाटेवर उभे राहणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे नवी नाही. आषाढीच्या वारीतील रिंगण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना माउलींचा अश्व धावण्यासाठी हजारो माणसे आपण होऊन कशी वाट सोडतात हे ठाऊक आहे. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने नुसता दंड वर केला की टाळ-मृदंग थांबतात. शस्त्र नसता चालणारा तो अधिकार मार्गरक्षकाच्या अधिकाराचा थोरला भाऊच होय. १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवाने मिरवणुकीची व्यवस्था पाहणारे तरुण घडविले, डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल काढून स्वयंसेवकास शिस्तीचे शिक्षण दिले. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला निघणारी शोभायात्राही दुतर्फा उभ्या राहणाऱ्या अशाच कार्यकर्त्यांच्या बळावर निभते.

परंतु मिरवणूक आणि शर्यत यांत वेगाचा मोठा भेद आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारा स्वार सेकंदाला दहा मीटर तोडतो. वळणावर उभ्या असलेल्या मार्गरक्षकास तो शंभर मीटरांवर दिसला, तर मध्ये उरली दहा सेकंदे. एवढ्यात शिटी वाजवावयाची, रस्ता ओलांडू पाहणाऱ्या आजोबांना नम्रपणे थांबवावयाचे, आणि निशाणाने खड्डा दाखवावयाचा. जथ्यातल्या पहिल्या स्वारास खड्डा दिसतो. दहाव्यास पुढच्याची पाठ तेवढी दिसते, म्हणून निशाण त्या दहाव्यासाठी असते. मार्गरक्षकाने स्वतः स्वारांच्या रेषेत उभे राहावयाचे नाही. कोणी पडला तर त्याला एकदम उचलून बसवावयाचे नाही, कारण मानेस वा कण्यास इजा असल्यास उचलण्याने ती वाढते. मागून येणाऱ्यांस आधी सावध करावयाचे आणि वैद्यकीय पथकास कळवावयाचे. तलावाभोवतीच्या किंवा उद्यानातील फेऱ्यांच्या शर्यतीत त्याला एक सोय असते. तेच स्वार पुनःपुन्हा येतात. पहिल्या फेरीत जे उमगले नाही ते दुसऱ्या फेरीत उमगते. हमरस्त्यावरची शर्यत त्याच्यासमोरून एकदाच जाते.

ठाणे आणि कल्याण या टापूत आणखी एक अडचण कित्येक पिढ्यांनी सोसली, ती रेल्वेच्या फाटकांची. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोचली, तेव्हापासून येथे रस्ता आणि रूळ यांचे भांडण आहे. फाटक शर्यतीस ओळखत नाही. २००६ सालच्या पॅरिस-रूबे शर्यतीत बंद फाटकाखालून निसटलेले तीन स्वार दुसरे, तिसरे व चौथे आले, आणि तिघांसही बाद करण्यात आले. तसे करणेच योग्य होते. गाडीपुढे कोणाचे शौर्य चालत नाही.

मार्गरक्षकाचे काम विजेता गेल्याने संपत नाही, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते. बक्षिसे वाटून झाली तरी तो आपल्या वळणावर उन्हात उभाच असतो, कारण मागे कोणीतरी एकटा, दमलेला स्वार अजून यावयाचा असतो. तोवर अडलेले रिक्षावाले कुरकुरतात, घाईतले लोक दोन शब्द सुनावतात. ‘तूर द फ्रान्स’मध्ये या सर्वांत शेवटच्या स्वारास ‘तांबडा कंदील’ असे नाव आहे. ते आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे लावावयाच्या दिव्यावरून पडले. फाटकवाला तो दिवा पुढे गेलेला पाहून मगच फाटक उघडतो; मार्गरक्षकही आपला तांबडा कंदील नजरेआड झाल्यावर निशाण गुंडाळतो आणि रस्ता ज्यांचा त्यांना परत देतो.