दुसरीचा वर्ग : चिंचोक्यांपासून 'वीस एक'पर्यंत

या स्मरणिकेत दहावीच्या निकालावर, स्नेहसंमेलनांवर आणि सहलींवर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी मात्र दुसरीच्या वर्गावर लिहायचं ठरवलं. आठवणी थोड्या, इतिहास जास्त.

आपण १९८८-८९ मध्ये दुसरीत होतो. इंग्रजी पाचवीपासून सुरू होणार होतं, त्यामुळे ते ओझं नव्हतं. बाईंच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात चिंचोके, मणी आणि तुराट्यांचे एका मापाचे तुकडे. दहा तुकडे झाले की सायकलच्या ट्यूबचं रबर लावून गठ्ठा बांधायचा. पोळ्याच्या आधी चिकणमाती यायची आणि तान्ह्या पोळ्यासाठी प्रत्येकाचा एकेक बैल तयार व्हायचा. कुणाच्या बैलाला तीनच पाय उरायचे, तरी तो रांगेत उभा राहायचाच. वेळापत्रकात या तासाचं नाव 'कार्यानुभव' होतं. आपण त्याला खेळाचा तास म्हणायचो.

गेल्या दोन-तीन वर्षांत शिक्षणाच्या इतिहासावरची काही पुस्तकं वाचली, तेव्हा लक्षात आलं की त्या डब्यामागे फार मोठी परंपरा आहे. लहान मुलानं ऐकून आणि घोकून शिकावं, की हातानं करून शिकावं, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातलं एक महत्त्वाचं पान नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला लिहिलं गेलं.

आधी घोकंपट्टीबद्दल दोन शब्द, कारण तिला नावं ठेवणं सोपं आहे. पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. पाढे नुसते बे ते तीसपर्यंत नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाठ असे. दुकानातला आणि शेतातला सगळा हिशेब तोंडी व्हायचा, त्यामुळे त्या पाठांतराला व्यवहारात किंमत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला असलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं आपल्याकडची मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली. ती रीत आणि मोठ्या मुलानं लहानांना शिकवण्याची पद्धत त्यानं इंग्लंडात नेली. म्हणजे आपल्या ओसरीवरच्या शाळेनंही जगाला काही दिलं होतं. अडचण एवढीच, की पाढा पाठ असलेल्या मुलाला सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय, हे माहीत असेलच असं नव्हतं.

या अडचणीवर विसाव्या शतकात दोन दिशांनी उत्तरं आली. पहिली दिशा मॉन्टेसरींची. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. तारुण्यात काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. खुद्द मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षं इथेच राहिल्या. त्यांची साधनं सुंदर होती, पण महाग. एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची सळी म्हणजे दशक, शंभर मण्यांचा चौरस, हजारांचा घन. मूल 'हजार' नुसतं म्हणत नाही, ते हातात उचलून पाहतं.

ताराबाईंचं मोठेपण असं, की त्यांनी ही कल्पना गरिबांच्या अंगणात आणली. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीनं त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे विकतच्या मण्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, दगड आणि बांबू आले. आपल्या बाईंच्या डब्यातले चिंचोके याच घराण्यातले. बाईंनी ताराबाईंचं लेखन वाचलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण चांगली कल्पना अशीच पसरते. एका शिक्षिकेचं पाहून दुसरी करते आणि मूळ नाव मागे पडतं.

दुसरी दिशा वर्ध्याची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, आणि एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवून त्याभोवती सगळे विषय, असा तिचा विचार होता. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला. शिक्षण वयाच्या सातव्या वर्षी सुरू होणार होतं, म्हणजे आपण दुसरीत होतो त्या वयाला. दिवसाची शाळा साडेपाच तासांची, त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. गणित, चित्रकला आणि संगीत यांना मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस.

आज हे आकडे वाचून कुणीही दचकेल. तेव्हाही दचकले होते. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला धागा मोजताना गणित येईल, कापूस कुठून येतो हे पाहताना भूगोल येईल, हे पटण्यासारखं होतं, विशेषतः आपल्या कापसाच्या मुलखात. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, हा भाग अनेकांना खटकला. मुलं विद्यार्थी राहतील की कामगार होतील, असा प्रश्न परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी उपस्थित केला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. हातानं शिकणं आणि हातानं कमावणं यांच्यातली रेघ सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत फार जपून ओढावी लागते.

तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. त्याच सुमारास शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातली शाळा चालावी, अशी 'विद्या मंदिर' योजना आणली. तिच्या नावावरूनही वाद झाला. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा हळूहळू ओसरल्या. कारणं अनेक, पण एक ठळक. इंग्रजी शाळेत जाणाऱ्याला नोकरी दिसत होती, टकळीवाल्याला दिसत नव्हती. पालकांनी आपला कौल दिला. तरी विचार संपला नाही. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या वाटेनं आजही चालते.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगानं त्याच विचाराला नवं नाव दिलं, कार्यानुभव. आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. १९६७ साली पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि राज्यभरातल्या मुलांच्या हाती सारखी पाठ्यपुस्तकं आली. आपल्या वर्गातला मातीचा बैल, कागदाची होडी आणि तुराट्यांचे गठ्ठे अशा मार्गानं वेळापत्रकात आले. वर्ध्याचे तीन तास वीस मिनिटं आपल्यापर्यंत येईतो आठवड्यातल्या एक-दोन तासांवर आले होते, एवढंच.

आपण शाळा सोडल्यानंतर हा वाद पुन्हा दोनदा जोरात आला. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द शिक्षकांच्या तोंडी बसला. २०१० पासून राज्यात पहिली-दुसरीसाठी ७० टक्के भार वर्षभरातल्या आकारिक मूल्यमापनाला आणि ३० टक्के संकलित परीक्षेला आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर आकृत्या आखून, मुलांना गटांत बसवून काम केलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

दुसरा प्रसंग सर्वांना आठवत असेल. जून २०१९ मध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचण्याची पद्धत दिली होती. जुनी पद्धत बंद केलेली नव्हती, तरी विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितलं. मराठीत आकडा वाचताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो, म्हणून मुलं गोंधळतात.

माझा धंदा आकड्यांशी संबंधित, म्हणून मला हा वाद फार रंजक वाटला. मोठी संख्या साठवताना लहान टोक आधी ठेवायचं की मोठं, यावर संगणकांचे प्रकारही पूर्वीपासून वेगवेगळे आहेत. दोन्ही चालतात, पण एकाचं वाचन दुसऱ्यानं केलं की घोळ होतो. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाचं नेमकं हेच होतं. वर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एक उणे'ची रीत, आणि नव्व्याण्णवला ती एकदम सोडून दिलेली. जर्मनही एकक आधी म्हणतात, आपले शेजारी तेलुगू दशक आधी म्हणतात. जग दोन्ही रीतींनी चालतं.

पण मला आठवतात आपल्या बाई. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या बाकावर ठेवून त्या विचारायच्या, "किती दहा? किती सुटे?" आपण ओरडायचो, "सहा दहा, तीन सुटे." मग त्या म्हणायच्या, "याला मोठी माणसं काय म्हणतात? त्रेसष्ट." म्हणजे 'साठ तीन' आपल्या वर्गात तीस वर्षं आधीच होतं आणि 'त्रेसष्ट'ही होतं. मधला पूल काड्यांचा होता. २०१९ मध्ये भांडण शब्दांवर झालं, काड्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. योजना आल्या, नावं बदलली. टकळी, कार्यानुभव, रचनावाद, आणि आता २०२१ पासून निपुण भारत. २०२० च्या धोरणानं तर दुसरी हा पायाभूत टप्प्याचा शेवटचा वर्ग ठरवला. पण प्रत्येक वेळी कल्पना टिकली ती तिथेच, जिथे एखाद्या शिक्षिकेजवळ साहित्य जमवायला वेळ होता आणि वर्गात बसून वाट पाहण्याची सवड होती. साठ मुलांच्या वर्गात आपल्या बाईंनी हे दोन्ही कुठून आणलं, ते त्याच जाणोत. तुराट्या त्या घरी कापत असणार, रात्री, स्वयंपाक आवरल्यावर.

मित्रमैत्रिणींनो, बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर चर्चा सुरू आहे आणि स्मार्ट बोर्डाचा प्रस्ताव पुढे आहे. पडद्याशी माझं वैर नाही, माझं पोट त्यावरच भरतं. पण पडद्यावरचा गठ्ठा सोडता येत नाही आणि पुन्हा बांधता येत नाही. माझी सूचना अशी, की जमलेल्या रकमेतला अर्धा भाग बाजूला ठेवावा आणि त्यातून दरवर्षी पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना साहित्यासाठी ठरावीक रक्कम द्यावी. बिलाची कटकट नको, काय आणायचं ते त्यांनी ठरवावं. आणि आपल्यातले जे नागपुरात आहेत त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेत जाऊन काड्या कापाव्यात, मणी ओवावेत, माती मळावी. शिकवणं बाईंवर सोडावं. पहिल्या शनिवारसाठी माझं नाव लिहून घ्या.