भिरंडाची साल आणि पितळेची समई

भिरंड म्हणजे कोकम. सबंध गोव्यात पितळेची समई चिंचेने किंवा भिरंडाच्या सालींनी घासण्याची रीत जुनी आहे. दोन्हींत आम्ल असूनही अशा वेळी बुडबुडे येत नाहीत, कारण पितळेत तांब्याचा वाटा मोठा. जस्त, लोखंड हे धातू विरल आम्लातला हायड्रोजन हुसकावून त्याची जागा घेतात. प्रयोगशाळेत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचा तुकडा टाकताच फसफसते ते या हायड्रोजनमुळे. अभिक्रियाशीलतेच्या श्रेणीत तांबे हायड्रोजनच्या खाली असल्याने त्याला हे जमत नाही. सालीतले आम्ल विरघळवते तो धातूवर चढलेला ऑक्साइडचा काळपट थर. त्याचे क्षार व पाणी होते आणि खालचे पितळ उजळते. मात्र आंबट कालवण उघड्या तांब्यापितळेत राहिले, तर हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने तांबे हळूहळू त्यात उतरते आणि कालवण कळकते. म्हणून आतून कल्हई करतात. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघून ऑक्साइड सुटतो, मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवतात. अन्नातल्या सौम्य आम्लांना कथील सहसा दाद देत नाही.