गॅस संपलाय, साहेब!

एप्रिल महिना, दुपारचे अडीच, पुणे-सोलापूर रस्ता. मागच्या सीटवर आई, वय वर्षं पंच्याहत्तर, आणि एसीच्या जाळीतून येणारी हवा अशी की त्यापेक्षा काचा खाली केलेल्या बऱ्या. केल्याही. मग भट्टीसमोर बसल्यासारखा वारा. इंदापूरच्या पुढे आई म्हणाली, "मला जरा गरगरतंय रे." गाडी एका रसवंतीच्या मांडवाखाली घेतली, तिच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि पाऊण तास तिथेच बसून राहिलो. ती सावरली. पण त्या पाऊण तासात मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा क्वचितच आला असेल. कारण तीनच आठवड्यांपूर्वी मी त्याच एसीत गॅस भरून घेतला होता. आणि तो लागोपाठ तिसरा उन्हाळा होता.

दर वर्षीचा संवाद ठरलेला. मेकॅनिक बॉनेट उघडतो, गेज लावतो, मान हलवतो. "गॅस संपलाय, साहेब. टाकतो भरून." उरलासुरला गॅस फुस्स करून हवेत, नवा गॅस आत, अर्ध्या तासात बिल हातात. मी पैसे देतो आणि ऑफिसला पळतो.

आता गंमत बघा. ऑफिसात मला कोणी येऊन सांगितलं, की "सर्व्हरची मेमरी दर सोमवारी संपते, मी रीस्टार्ट मारतो, मग चालतो आठवडाभर", तर मी त्याला खुर्चीतून उठू देणार नाही. मेमरी संपत नाही राजा, कुठेतरी लीक आहे, ते शोध आधी! आणि हाच मी, स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तीन वर्षं मुकाट्याने रीस्टार्ट मारून घेत होतो. सोलापूरहून परतल्यावर दोन-तीन वीकेंड यातच घातले. वाचता वाचता कळलं की ही "गॅस भरून टाकू"ची सवय माझी किंवा त्या मेकॅनिकची नाही. तिला चांगला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

पण आधी यंत्र. माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला शाळेत शिकवलंय: थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एसी म्हणजे असा माठ, ज्याची वाफ वाया जाऊ न देता पकडून, दाबून, पुन्हा द्रव करून परत माठात ओततात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा पदार्थ उघड्यावर उणे २६ अंशालाच उकळतो. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनमधली उष्णता उचलतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, ड्रायर त्यातली ओल शोषतो, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो परत कूलिंग कॉइलमध्ये. झालं वर्तुळ पुरं. माठात रोज पाणी घालावं लागतं, कारण वाफ उडून जाते. एसीत मात्र काही उडून जाणं अपेक्षितच नाही. पेट्रोल जळतं, गॅस जळत नाही. कमी झाला म्हणजे गळलाच.

(गाडीखाली टपटपणारं पाणी म्हणजे गळती नव्हे हं. ते हवेतलं बाष्प. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात काचेवर धुकं धरलं की एसी लावायचा तो याचसाठी: तो हवा कोरडी करतो.)

मग घरचा फ्रिज पंधरा-पंधरा वर्षं गॅस न भरता कसा चालतो? कारण त्याची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच वेल्ड केलेल्या काळ्या डब्यात बंद असतात, बाहेर येतात फक्त वायरी. गाडीतल्या कॉम्प्रेसरला मात्र इंजिन फिरवतं, म्हणजे त्याचा दांडा डब्याला भोक पाडून बाहेर यायलाच हवा. त्या भोकाला सील. इंजिन हादरतं म्हणून मधले काही पाइप रबरी. जोडाजोडाला ओ-रिंग. थोडक्यात, गळायची सोय मूळ डिझाइनमध्येच आहे. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा म्हणतात ते उगाच नाही. तेल फिरतं आणि सील कोरडं पडत नाही.

इथे कुणीही इंजिनिअर विचारेल: गळणार हे माहीत होतं, तर गळणाऱ्या वस्तूबद्दल कुणाला काळजी कशी वाटली नाही? याचं उत्तर थॉमस मिजली या माणसाशी येऊन थांबतं.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असायचं. तिन्ही विषारी. घरात पाइप फुटला की माणसं मरायची. जनरल मोटर्सची फ्रिज बनवणारी शाखा होती फ्रिजिडेअर. १९२८ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी मिजलीला सांगितलं, विषारी नसलेला आणि पेट न घेणारा पदार्थ शोध. मिजली शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर! त्याने आवर्त सारणी समोर ठेवली आणि नजर फ्लोरिनवर स्थिरावली. सहकाऱ्यांबरोबर काही दिवसांतच त्याने डायक्लोरोडायफ्लोरोमीथेन बनवलं. हेच पुढे फ्रिऑन-१२, म्हणजे आर-१२.

यातला एक किस्सा स्वतः मिजलीनेच नंतर सांगितलाय. हा पदार्थ बनवायला अँटिमनी ट्रायफ्लोराइड लागत होतं, त्याच्या जेमतेम पाच बाटल्या मिळाल्या. त्यातली एक उचलली, गॅस बनवला, गिनीपिगला हुंगवला. गिनीपिग मजेत. दुसऱ्या बाटलीतून बनवलेल्या गॅसने मात्र गिनीपिग मेला. तपासल्यावर कळलं की चार बाटल्यांत ओल शिरलेली होती, त्यामुळे फॉस्जीन नावाचं विष तयार होत होतं. पहिल्यांदा हात त्या चारपैकी एखाद्या बाटलीकडे गेला असता, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

१९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने हा गॅस छातीभर ओढला आणि मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली, माणूस शाबूत. विषारी नाही, ज्वालाग्राही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. मला वाटतं, इतिहासातला सगळ्यात यशस्वी डेमो असावा हा. आणि आपल्या धंद्यातल्या सगळ्या डेमोंसारखाच: जे तपासलं ते खरं होतं, जे तपासलंच नाही तिथे बग होता. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची, १९२१ ची. पुढे पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतःच बनवली, आणि १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा अडकून गेला.)

हा निरुपद्रवी गॅस नसता तर गाडीत एसी बसवायचं धाडस झालं नसतं. बंद केबिनमध्ये चार माणसांसमोर सल्फर डायऑक्साइड कोण ठेवणार? पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस शिकागोच्या प्रदर्शनात १९४० चं मॉडेल आणलं, एसीसकट, जादा २७४ डॉलरना. कूलिंग कॉइल मागे डिकीत, गार हवा मानेवर. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. म्हणजे एसी बंद करायचा तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! ऑफ करायला स्क्रू-ड्रायव्हर लागणारं फीचर. दोन वर्षांत बंद पडलं.

खरं काम केलं नॅशने. १९३७ मध्ये नॅश मोटर्स आणि केल्व्हिनेटर एक झाल्या (हो, आपल्या आजीच्या फ्रिजवरचं तेच नाव). १९३८ मध्ये त्यांनी वेदर आय हीटर आणला: बाहेरची ताजी हवा आत घ्यायची आणि इंजिनच्या गरम पाण्यावरून फिरवून केबिनमध्ये सोडायची. हीटर फुकट पडतो, कारण इंजिनची उष्णता नाहीतरी फेकूनच द्यायची असते. म्हणूनच घाटात इंजिन तापलं तर हीटर पूर्ण सोडायची जुनी युक्ती आहे. आपण भाजून निघतो, इंजिन वाचतं. १९५४ मध्ये नॅशने हीटर आणि एसी एकत्र, सगळं पुढच्या भागात, एका पॅनेलवर आणून दाखवलं. जादा किंमत ३४५ डॉलर. आज आपल्या डॅशबोर्डवरचं निळं-लाल बटण हा त्याचाच वंशज. १९६९ पर्यंत अमेरिकेत निम्म्याहून जास्त नव्या गाड्यांत एसी होता.

आणि याच काळात ती सवय लागली. आर-१२ स्वस्त, बिनविषारी. तिथल्या दुकानांत छोटे डबे मिळत, लोक दारातच उभे राहून गाडीत गॅस भरत. गळती शोधायला मजुरी जास्त, गॅस स्वस्त. मग शोधतो कोण? गळला तर हवेत जाईल, हवेत काय बिघडणार?

बिघडलं ते वर. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की हा गॅस कशाशीच प्रक्रिया करत नाही म्हणूनच तो खालच्या हवेत नष्ट होत नाही, अखंड वर चढतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरिन सुटतो, आणि एकेक क्लोरिन ओझोनचे हजारो रेणू खातो. गुण होता तोच दोष निघाला. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनला पडलेलं भगदाड जाहीर केलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९५ मध्ये दोघांना पॉल क्रुट्झन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. अमेरिकेत १९९२ पासून गॅस हवेत सोडणं बेकायदा ठरलं, छोटे डबे सामान्य माणसाला मिळेनासे झाले, आणि नव्वदच्या दशकात मायामीत चक्क आर-१२ चं स्मगलिंग सुरू झालं. आपल्याकडे एकेकाळी सोन्याचं चालायचं तसं!

आपली गोष्ट थोडी वेगळी. पद्मिनी आणि अँबॅसडरला त्रिकोणी काच होती, ती फिरवली की वारा थेट छातीवर, तोच आपला एसी. पण गॅस इथेही बनत होता: सुरतजवळ भेस्तानला मफतलाल समूहाची नवीन फ्लोरिन १९६७ पासून, 'मॅफ्रॉन' या नावाने. भारताने माँट्रियल करारावर लगेच सही केली नाही. भगदाड ज्यांनी पाडलं त्यांनी पैसे द्यावेत, ही भूमिका. मला ती आजही रास्त वाटते. १९९० मध्ये लंडनला तसा निधी ठरला, १९९२ मध्ये भारत करारात आला, आणि २०१० उजाडेपर्यंत आर-१२ चं उत्पादन इथेही थांबलं. तोवर गाड्यांत आर-१३४ए आला होता. क्लोरिन नाही, ओझोनला धक्का नाही.

म्हणजे आता गळला तरी चालेल? मलाही तसंच वाटत होतं. पण आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवणारा वायू आहे, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर. माझ्या गाडीतून तीन वर्षांत गेला अंदाजे १२०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ १७०० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो होतो. भागाकार केला: साधारण ७४० लिटर पेट्रोल. माझ्या गाडीच्या हिशेबात अकरा हजार किलोमीटर! एका गळक्या जोडाने माझ्या वर्षभराच्या ड्रायव्हिंगएवढी घाण केली, आणि एसी तो एसी चाललाच नाही. युरोपने २००६ च्या नियमाने नव्या गाड्यांतून हा गॅस काढायचं ठरवलं आणि २०१७ पासून तिथे तो नव्या गाडीत चालत नाही. आर-१२३४वायएफ आला. तो थोडासा पेट घेणारा आहे. मिजलीच्या मेणबत्तीचा प्रयोग त्यावर करू नये. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने बाकी जगालाही यातून बाहेर पडायचं वेळापत्रक दिलं. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली.

एवढं वाचून मी गॅरेज बदललं. नाना पेठेत फक्त एसीचंच काम करणारे एक चाचा आहेत. त्यांना म्हटलं, "गॅस भरू नका, गळती शोधा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वेळ लागेल साहेब. दिवस जाईल. लोकांना वेळ नसतो." खरंय, मलाही तीन वर्षं नव्हता.

आधी नायट्रोजन भरून दाब धरला. काटा हळूहळू उतरला. मग थोड्या गॅसबरोबर रंग सोडला आणि निळ्या बॅटरीने एकेक जोड पाहिला. कंडेन्सरच्या जोडावर पोपटी ठिपका चमकला. कधीतरी कंडेन्सर काढून बसवताना जुनीच ओ-रिंग परत लावलेली, तीही कोरडी, चिरलेली. नवी ओ-रिंग तेल लावून बसवली. उघडी पडलेली सिस्टिम म्हणून ड्रायर नवा. मग पाऊण तास व्हॅक्यूम. "आधी कुणी व्हॅक्यूम मारला होता का?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. आत ओल राहिली की ती तेलाशी मिळून आम्ल होते आणि आतून कॉइल खाते. पुन्हा ओल! मला त्या चार बाटल्या आठवल्या. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, ४५० ग्रॅम गॅस भरला. अंदाजाने जास्त भरला तरीही गारवा कमीच होतो, हे तेव्हा कळलं.

बिलात ड्रायर, तेल, गॅस, मजुरी. तळाला चाचांनी पेनने लिहिलेलं: ओ-रिंग २ नग, ४० रुपये.

परवा मे महिन्यात पुन्हा सोलापूरला गेलो. त्या रसवंतीला थांबलो, पण फक्त रसासाठी. टेंभुर्णी ओलांडल्यावर मागून आवाज आला, "ते जरा कमी कर रे, माझे पाय गारठलेत."