नावेचा चातुर्मास

आपल्या परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांतल्या गोदाकाठच्या माणसाला नाव काही नवी नाही. नदीला पाणी आले की नावेला काम, पात्र आटले की नाव काठावर, हे त्याचे साधे गणित. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र हे गणित नेमके उलटे होते. मृगाचा पाऊस तोंडावर आला, आपल्याकडे तिफणी बाहेर निघाल्या, की तिकडे होड्या पाण्याबाहेर निघतात. थंड देशांत पाणी गोठते म्हणून नावा हिवाळ्यात झाकून ठेवतात. आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येच्या वाऱ्याने समुद्र खवळतो म्हणून पावसाळ्यात. नावेने विसावा केव्हा घ्यायचा, हे पाणीच ठरवते.

हा विसावा म्हणजे नाव नुसती ओढून ठेवणे नव्हे. मोठ्या भरतीच्या पाण्यावर होडी जितकी वर येईल तितकी आणतात आणि मग लाकडी ओंडक्यांवरून उंच जागी नेतात. जाळी, दोर, नांगर उतरवून घेतात. तळाला चिकटलेल्या शिंपा खरवडतात. फळ्यांच्या सांध्यांतला कापूस सैल झाला असेल तर नवा ठासतात, लाकडाला तेल पाजतात. शेवटी वर झावळ्यांचे छप्पर, अलीकडे प्लास्टिकचा कागद. याला होडी शाकारणे म्हणतात. आपण घर शाकारतो, तोच हा शब्द. वर्षभर खाऱ्या पाण्यात टिकणारे लाकूड आत साचलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याने कुजते, हे दर्यावर्दी माणसाला अनुभवाने ठाऊक असते.

घरगुती वाटणारे हे काम एके काळी राज्यकारभाराचा विषय होते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची उभारणी सुरू झाली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला उपदेश आपण शाळेपासून ऐकतो. त्याच प्रकरणात आरमाराच्या पावसाळी छावणीविषयीही सूचना आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही. समुद्र खवळण्याच्या आधीच जहाजे किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात न्यावीत. जागा कितीही बंदोबस्ताची असली, तरी सगळे आरमार एकाच ठिकाणी ठेवू नये. रात्री पाण्यावरून आणि जमिनीवरून गस्त घालावी.

एवढी खबरदारी कशासाठी? चालती नाव वाऱ्याशी झुंजते, शत्रूला हुलकावणी देते. उभ्या नावेला यातले काहीच करता येत नाही. म्हणून थांबलेल्या नावेला चालत्या नावेपेक्षा अधिक जपावे लागते.

याचा दाखला विजयदुर्गाने दिला. वाघोटन खाडीच्या मुखावरचा हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे होता. जवळच गिर्ये गावाच्या बाजूला खडक फोडून केलेली गोदी आजही पाहायला मिळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रजांचा ताफा घेऊन इथे आले. पेशव्यांची फौजही तुळाजी आंग्र्यांच्या विरोधात उतरली होती. तेव्हा पावसाळा नव्हता, पण आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून उभी होती. इंग्रजांचा एक गोळा एका जहाजावर पडला, ते पेटले आणि आगीने बघता बघता सारा ताफा गिळला. पिढ्यांची मेहनत काही तासांत राख झाली. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला. एका ठिकाणी सगळे ठेवू नये, हे कागदावर लिहून ठेवलेले होते. त्याची किंमत अशी कळली.

आज या विसाव्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यानुसार पावसाळ्यात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. हा काळ अनेक माशांच्या विणीचा. म्हणजे नाव थांबते तेव्हा समुद्रालाही उसंत मिळते. परंतु कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. हाताशी पैसा नसलेल्या मच्छीमाराला हे महिने जड जातात, आणि नाव शाकारण्याचा खर्चही त्याच दिवसांत येतो.

श्रावणी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात. विसावलेली नाव पुन्हा पाण्यात जाण्याची वेळ होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी, श्रावणी अमावास्येला, आपल्याकडे पोळा येतो. पेरणी-कोळपणीत राबलेल्या बैलाच्या खांद्याला त्या दिवशी लोणी-हळद लागते, त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. समुद्र आणि शिवार यांच्यात शेकडो किलोमीटरांचे अंतर आहे, पण शहाणपण एकच: जे आपल्यासाठी राबते, ते थांबलेले असताना त्याची निगा राखावी. वर्ष तरून जाते ते त्याच्यावरच.