सियालदहची फुलगाडी

बंगाली लग्नघरात फुलांचा हिशेब आधी पंचांगाशी आणि मग रेल्वेशी जुळवावा लागतो. कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून राणाघाटकडे गाड्या धावू लागल्या १८६२ मध्ये. आज याच मार्गावरून नदिया जिल्ह्यातला निशिगंध शहरात येतो. बनगावच्या फाट्यावरचं ठाकूरनगर तर झेंडूसाठीच ओळखलं जातं. पहाटेच्या लोकलमधून ओल्या गोणपाटात बांधलेले भारे उतरतात आणि हमालांच्या डोक्यावरून, हातगाड्यांवरून हुगळीकाठच्या मल्लिक घाटाकडे निघतात. १८५५ मध्ये बांधलेल्या या घाटावर आज देशातल्या सर्वांत मोठ्या फूलबाजारांपैकी एक भरतो.

निशिगंधाला बंगाली माणूस रजनीगंधा म्हणतो. वधूवरांच्या माळा त्याच्याच, फुलशय्येची सजावटही बहुधा त्याचीच. पौष, चैत्र, भाद्रपदात लग्नं होत नाहीत. त्यामुळे अग्रहायण, माघ, फाल्गुनातल्या मोजक्या तिथींवर मागणी एकदम एकवटते आणि भाव चढतात. एकाच रात्री शेकडो मांडव! दादरच्या फूलबाजारातही दाट मुहूर्ताच्या दिवशी हेच घडतं.

भाव वाढवणारं दुसरं कारण पाऊस. भिजलेली कळी लवकर काळवंडते, आणि चांगला माल थोडाच उरतो.

पण या व्यापाराचा खरा कणा लोकलच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ती थांबली आणि ११ नोव्हेंबरपर्यंत सामान्य प्रवाशांसाठी बंदच राहिली. लग्नंही थांबलेली. त्या उन्हाळ्यात नदियातल्या शेतकऱ्यांनी फुललेले दांडे शेतातच टाकून दिले.