माळवदावरची माती

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सहा ते सात तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात. मग इथे एवढी माणसं का गेली?

उत्तर बरंचसं छपरावर होतं. इथली घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं. पण पावसात गळतं, म्हणून मृगाच्या आधी वर नवी माती पसरायची. जुनी कुणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असं करत काही घरांवर थर दोन फुटांपर्यंत गेला. हिशोब करून पाहा: दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे साधारण नऊ टन.

भिंती दोन-तीन फूट जाड, दिसायला किल्ल्यासारख्या. आतून मात्र दगडांचे दोन वेगळे पापुद्रे आणि मध्ये मातीत भरलेले तुकडे. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. हादरा बसला, पापुद्रे सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

यात घरमालकांचा निष्काळजीपणा शोधणं सोपं आहे, पण ते खरं नाही. प्रत्येक थराने त्या वर्षीची गळती थांबवली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले पॅचवर पॅच मारतो, तसंच. बेरीज कुणीच करत नाही. सरकारी नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. तो तिसऱ्या क्षेत्रात गेला २००२ साली.

उपाय अवघड नव्हते. माती उतरवा, भिंतीचे दोन्ही पापुद्रे जोडा, वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा पट्टा बांधा. अशा दगडी घरांसाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, त्याच १९९३ सालचं. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरांची मजबुती याच पद्धतीने करायला घेतली.

आता आपण स्लॅबखाली राहतो. गच्ची गळते, कंत्राटदार येतो आणि म्हणतो, ‘जुना कोबा कशाला फोडायचा, त्यावरच नवा टाकू.’ स्वस्त पडतं, गळतीही थांबते. मग त्यावर टाक्या येतात, मातीच्या कुंड्या येतात.

पुढच्या वेळी हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: आतापर्यंत किती थर झालेत?